ट्युबा, तान्हा आणि हंसाची चरबी

टप्प.

दोन्ही पोरं एकाच वेळी झोपलीत, असा योग रोझीनाच्या घरात सणासुदीलाच यायचा. आज तो आला होता आणि अजून पाव तासही झाला नव्हता. तिने श्वास रोखला. पुन्हा टप्प. तिने पाळण्याखाली हात घालून पाहिला, कोरडं. वर छताकडे पाहिलं, तिथेही कोरडं. मग कोपऱ्याकडे नजर गेली आणि तिने कपाळाला हात लावला. गळत होतं ते घरातलं तिसरं.

ट्युबा, बँडात फुंकायचं ते अगडबंब पितळी वाद्य, तिवईवर उलटा टेकवला होता. सकाळच्या सरावात तिच्या नवऱ्याच्या, ट्राउगॉटच्या, श्वासाचं जे पाणी त्याच्या पोटात साठलं होतं, ते थेंबाथेंबाने सुपाच्या वाडग्यात उतरत होतं. तान्ह्याहून मोठा, मिन्नाहून रुंद आणि दोघांहून जास्त ओला. मिन्ना पाच वर्षांची, तान्हा पाच महिन्यांचा, आणि हा पितळी बाप्या येऊन तीन आठवडे झालेले. बर्लिनहून गाडीवर, पेंढा भरलेल्या खोक्यातून आला तेव्हा गल्लीतल्या बायका तो बघायला आल्या होत्या. खालच्या मजल्यावरची परटीण क्राप्पेबाई तर म्हणाली होती, "अगं, याचं बारसं कधी?"

रोझीना हसली होती तेव्हा. आता तिला कळत होतं की बाईचं काही चुकलं नव्हतं.

ट्युबा यायच्या आधी श्पांडाउच्या लष्करी छावणीच्या बँडात खालचे सूर दोन साप सांभाळायचे. साप म्हणजे लाकडाची वळणदार नळी, वरून काळं चामडं, आणि टोकाला पितळेचं अजगराचं तोंड. तोंडात पत्र्याची लाल जीभ, बिजागरीवर बसवलेली. वाजवणाऱ्याने जोर लावला की ती लपलपायची. मिन्नाचा त्या जिभेवर फार जीव. एक साप ट्राउगॉट वाजवायचा, दुसरा कुन्केल. दोघे मिळून जीव तोडून फुंकायचे तरी उघड्या मैदानावर त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे पोहोचत नसे. मग बर्लिनमध्ये दोन वर्षांपूर्वी हे नवं वाद्य निघालं. एकटंच दोन सापांचं काम करतं म्हणे.

त्या "एकटंच" मध्ये सगळी मेख होती. बँडमास्तर श्टोबेंनी सरळ सांगून टाकलं होतं, "वाद्य एक, माणूस एक. ट्राउगॉट नोकरीला थोडा जुना, म्हणून पहिली संधी त्याला. महिनाअखेरीला जनरलसाहेब तपासणीला येतील. त्या दिवशी याने नीट वाजवलं तर ट्युबा याचा. फसला तर कुन्केलचा. उरेल त्याने घरी जायचं."

कुन्केलचं घर म्हणजे ओडर नदीकाठच्या एका खेड्यातली म्हातारी आई. ट्राउगॉटचं घर म्हणजे थोरल्या भावाचे माग, आणि रोझीनाच्या बाबतीत जावेचा स्वयंपाक. जावेने लग्नातच तिचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला होता आणि म्हटलं होतं, "हे हात कशाला उपयोगी पडतात?" सात वर्षांपूर्वीची गोष्ट. रोझीनाला अजून चोख उत्तर सुचलेलं नव्हतं. दोन पोरं घेऊन त्या बाईच्या दारात उभं राहायचं म्हणजे हरलेलं उत्तर घेऊन उभं राहायचं.

त्यामुळे ट्राउगॉट दिवसरात्र सराव करायचा. सापाला भोकं असतात, बोटांनी झाकायची. ट्युबाला पाच दट्टे, अंगणातल्या पंपासारखे जाडजूड, ते दाबायचे. बारा वर्षं भोकं झाकलेली बोटं दट्ट्यांवर वेड्यासारखी फिरायची. घरात वाजवलं की तान्हा रडायचा आणि क्राप्पेबाई खालून झाडूचा दांडा आपटायची. म्हणून तो रात्री रोझीनाच्या पाठीवर सराव करी. अंथरुणात, पाच बोटांनी, अख्खी संचलनाची धून. कुणाचे नवरे बायकोच्या पाठीवरून प्रेमाने हात फिरवतात. हिच्या पाठीवर चार ओळींचं संचलन निघायचं, आणि चुकलं की परत पहिल्यापासून.

"तिसरा चुकलास," ती उशीत तोंड खुपसून म्हणायची.

"तुला कसं कळलं?"

"माझी पाठ आहे."

आता तिला ती धून नवऱ्याइतकीच पाठ झाली होती. कुठे दुसरा, कुठे चौथा, आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी तो लांबलचक पाचवा, जिथे तिला हमखास गुदगुल्या व्हायच्या.

हे सगळं ठीकच चाललं होतं. दट्टे तेवढे अडकायचे. नवं पितळ, घट्ट बसवलेलं. खोक्यात कारागिराने एक कागद ठेवला होता: दट्ट्यांना फक्त पातळ तेल, तेही थेंबभर. सोबत अंगठ्याएवढी बाटली. कागद रोझीनाने वाचला होता. एकदा नव्हे, दोनदा. पण बाटली आठवड्यात संपली, आणि रोझीना होती तांबटाची लेक. बापाच्या दुकानात ठोकाठोकीच्या आवाजात वाढलेली. पितळेचं तिला कागद काय शिकवणार?

म्हणून त्या दुपारी, पोरं झोपली असताना, तिने फळीवरून चरबीचं मडकं काढलं. नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणाला क्राप्पेबाईने अख्खा हंस भाजला होता आणि त्याची चरबी वाटीभर हिला दिली होती. शुद्ध, पिवळसर, वासाला गोड. चुलीशेजारी ती तुपासारखी पातळ झाली होती. रोझीनाने पाचही दट्टे उपसले, पुसले, प्रत्येकाला चरबीचा हात दिला आणि पुन्हा बसवले. दाबून पाहिले.

आहाहा! असे गेले खाली आणि असे आले वर, जशी काही पोटभर जेवलेली मांजरं.

संध्याकाळी ट्राउगॉट आला, त्याने दट्टे दाबले आणि तिच्याकडे पाहतच राहिला. "रोझी, काय केलंस तू?"

"काही नाही. तांबटाची लेक आहे."

दुसऱ्या दिवशी तिने ही गोष्ट क्राप्पेबाईला सांगितली. पाववाल्याला सांगितली. पंपावर पाणी भरताना सार्जंटच्या बायकोला तर अशी सांगितली, जणू बर्लिनच्या त्या कारागिराने पुढच्या ट्युबाआधी हिचा सल्ला घ्यायला येणं तेवढं बाकी होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

तपासणीच्या दिवशी सकाळी जमिनीवर हिमाचा पातळ पापुद्रा धरला होता. रोझीना तान्ह्याला शालीत छातीशी बांधून, मिन्नाला हाताशी धरून, दोराच्या अलीकडे बायकांच्या घोळक्यात उभी होती. अशा थंडीत बाहेर पडताना तिथल्या बायका खिशात चुलीतले गरम बटाटे घालतात. आधी हात शेकायचे, मग खायचे. हिनेही दोन घेतले होते. दीड मिन्नाने वाटेतच संपवला.

मैदानावर बँड सज्ज उभा होता. ट्राउगॉटच्या कवेत ट्युबा, आणि त्याच्या शेजारी कुन्केल, आपला साप घेऊन. श्टोबेमास्तर सावध माणूस. त्यांनी कुन्केलला बजावलं होतं, "त्याचं बंद पडलं तर तू वाजव. एरवी नुसता धरून उभा राहा. जनरलसाहेबांना नवं वाद्य ऐकवायचंय."

जनरलसाहेबांचा पत्ता नव्हता. अर्धा तास गेला. तास गेला. शिपायांच्या नाकांची टोकं लाल झाली. मास्तरांनी बँडला आरामात उभं राहायला सांगितलं, आणि हात गरम राहावेत म्हणून ट्राउगॉटने दट्टे दाबून पाहिले.

रोझीनाने लांबून पाहिलं. पहिला खाली गेला. आणि खालीच राहिला.

दुसराही. तिसराही. ट्राउगॉटने ते बोटांनी ओढून वर काढले, पुन्हा दाबले, पुन्हा तेच. त्याने मान वर करून दोराकडे पाहिलं, बायकांच्या गर्दीत तिला शोधत. तो चेहरा पाहिला आणि रोझीनाच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या घरची फळी उभी राहिली. फळीवर मडकं. मडक्यात, आज सकाळी, खिडकी उघडी राहिल्यामुळे पांढरीधोप थिजलेली चरबी. सुरीने कापून तिने ती स्वतःच्या हाताने मिन्नाच्या पावावर लावली होती. घट्ट आहे, म्हणून कुरकुरलीही होती.

सुरीने कापावी लागते अशी वस्तू तिने नवऱ्याच्या नोकरीत भरून ठेवली होती. तांबटाची लेक! बापाने ऐकलं असतं तर नाव बदलून घेतलं असतं.

"क्राप्पेबाई, मिन्नाला धरा."

"कुठे निघालीस? अगं दोर आहे!"

पण ती दोराखालून वाकून आत शिरलीही होती. पहाऱ्यावरचा शिपाई "ओ बाई, ओ बाई" करत दोन पावलं आला. नेमकं तेव्हाच तान्ह्याने भोकाड पसरलं आणि तो मागे सरला. लढाई पाहिलेला माणूस असावा.

"दे इकडे," ती ट्राउगॉटला म्हणाली.

"काय देऊ?"

"बाळ दे! हा, हा पितळेचा!"

तिथेच एका पडघमावर ती टेकली. शाल सोडली, एका बाजूला तान्ह्याला पाजायला घेतलं, दुसऱ्या बाजूला ट्युबाचे दट्टे पोटाशी धरले आणि वरून शाल ओढून घेतली. पितळ असं गार होतं की तिच्या तोंडून हाय निघाली. तान्ह्याने दूध सोडून शेजारी कोण आलंय ते पाहिलं.

"चरबी थिजली," ती दातांवर दात आपटत म्हणाली. "माझीच अक्कल. तू काही बोलू नकोस."

"मी कुठे बोललो?"

"बोलू नकोस म्हटलं ना!"

खिशातला अर्धा बटाटा तिने दट्ट्यांच्या मधे खुपसला. अर्ध्या बटाट्याने काय होणार! तेवढ्यात कुन्केल तिच्यापुढे येऊन वाकला. लालबुंद, मोठ्या कानांचा माणूस. ट्राउगॉटशी बारा वर्षं खांद्याला खांदा लावून फुंकलेला.

"वहिनी, एका वेळी दोन लेकरांना पाजताय. शेरभर दूध जास्त घेत चला." त्याने कोटाच्या दोन्ही खिशांतून तीन बटाटे काढले, अजून बऱ्यापैकी गरम. "घ्या. क्राप्पेबाईने सकाळी दिलेत. माझ्यावर जीव आहे तिचा. धुलाईचं मी कधी थकवत नाही."

रोझीनाने बटाटे घेतले. त्या घाईत तिच्या मनात आलं, हा माणूस हे काय करतोय? ट्युबा बंद पडला तर त्याचाच फायदा. मग तिने तो विचार बाजूला सारला. थंडीत फार खोल विचार करू नये, असं तिने स्वतःला सांगितलं. तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि बटाटे दट्ट्यांभोवती बांधून टाकले.

"हे काय चाललंय इथे?" श्टोबेमास्तर येऊन उभे राहिले. त्यांच्या बँडात एक बाई पडघमावर बसून ट्युबाला पाजत होती.

"दोघांना ऊब हवी होती, मास्तर," कुन्केल म्हणाला.

मास्तरांच्या मिशा दोनदा हलल्या. पुढे काही निघायच्या आत फाटकापाशी तुतारी झाली. जनरलसाहेबांची गाडी आली होती. रोझीना ट्युबा ट्राउगॉटच्या हातांत कोंबून, केस मोकळे, शाल जमिनीवर लोळत, दोराखालून परत पळाली. बायका हसत होत्या. हसू देत. आज तिने हसण्याजोगं केलंच होतं.

धून सुरू झाली.

आणि ट्युबा बोलला. इतका खोल आवाज तिने घरात कधी ऐकला नव्हता; चार भिंतींत तो गुदमरून जायचा. इथे तो जमिनीतून आल्यासारखा आला आणि तळपायांना लागला. दट्टे चालत होते. रुमालाची गाठ हलत होती. रोझीनाची पाठ आपोआप मोजू लागली: दुसरा, चौथा, पहिला, दुसरा. दोन ओळी झाल्या. तिसरी आली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तो लांबलचक पाचवा.

पाचवा दट्टा सगळ्यात बाहेरचा. बटाटे तिथवर पोहोचलेच नव्हते. ट्राउगॉटने तो दाबला, हलला नाही. लांबूनही तिला त्याचे खांदे वर गेलेले दिसले. तो थांबला.

पण सूर थांबला नाही.

सूर आला, थोडा घोगरा, थोडा लाकडी, त्या थंड स्तब्ध हवेत थेट दोरापर्यंत. अख्ख्या मैदानावर तो फरक कळेल असा एकच माणूस होता, आणि त्या माणसाच्या पाठीवर तो सूर रात्रीमागून रात्र वाजला होता. कुन्केलने साप ओठांना लावला होता. गाल फुगवून, मास्तरांची पाठ आहे तोवर, तो ट्राउगॉटचा सूर वाजवत होता. चौथ्या ओळीतही तेच. जिथे जिथे पाचवा यायचा, तिथे ट्राउगॉट गप्प आणि कुन्केल हजर. मास्तर वळले की साप पुन्हा मुकाट खाली.

जनरलसाहेबांनी मान डोलावली. थांबून त्यांनी ट्युबाकडे काठी रोखली. "त्या रुमालात काय आहे?"

"बटाटे, साहेब," ट्राउगॉट म्हणाला. खोटं त्याला कधी जमलंच नाही.

"उत्तम," जनरलसाहेब म्हणाले आणि पुढे गेले. त्यांना काय ऐकू आलं, हा प्रश्नच होता.

सगळं उरकल्यावर श्टोबेमास्तर दोरापाशी आले. ट्राउगॉट ट्युबा घेऊन रोझीनाशेजारीच उभा होता. तिने शाल पुन्हा बांधून घेतली होती. मास्तरांचा चेहरा असा खुलला होता, जणू ट्युबा त्यांनीच ओतला.

"ऐकलंत? काय भरदार आवाज! शेवटच्या दोन ओळींत तर दोन-दोन वाद्यं वाजताहेत असं वाटत होतं. म्हटलं होतं ना मी? हे एकटंच दोघांचं काम करतं! सापांची आता काही गरज नाही. ट्राउगॉट, ट्युबा तुझा."

ट्राउगॉटने घसा साफ केला. "मास्तर, खरं म्हणजे…"

रोझीनाचा हात त्याच्या पाठीवर गेला. पाच बोटं, पाचही एकदम, घट्ट दाबून. त्या भाषेत तो काय बोलायचा ते तिला माहीत होतं. आता ती काय बोलते ते त्यालाही कळलं.

"खरं म्हणजे काय?" मास्तरांनी विचारलं.

"खरं म्हणजे थंडी फार होती," रोझीना म्हणाली.

कुन्केल तीन पावलांवर साप पिशवीत घालत होता. त्याने ऐकलं असणारच; ते कान काही लहान नव्हते. पण तो पिशवीची नाडी आवळत राहिला.

दोन दिवसांनी तो निरोप घ्यायला आला. खांद्यावर गाठोडं, काखेत साप. ट्राउगॉट दारातच त्याचा हात धरून उभा राहिला. बारा वर्षं दोघांनी मिळून फुंकलं होतं. बोलायची सवय कुठे होती! शेवटी कुन्केलच म्हणाला, "अरे, माझ्यामागे कोण आहे? एक आई, तीही बहिरी. माझं वाजवणं सोसेल असं माणूस जगात तेवढं एकच." मग खाली बसून त्याने मिन्नाला सापाची लाल जीभ शेवटची हलवू दिली.

रोझीनाने त्याच्या दोन्ही खिशांत गरम बटाटे भरले. सहा. कोट फुगून पिंपासारखा दिसू लागला.

"वहिनी, बटाट्यांच्याच गावाला चाललोय मी," तो हसून म्हणाला, पण त्याने ते काढले नाहीत.

तो गेल्यावर तिने फळीवरचं मडकं घेतलं आणि उरलेली चरबी पावावर लावायला बसली. तेवढ्याच कामाची होती ती, आणि तेवढं कळायला रोझीनाला अख्खी छावणी उभी करावी लागली होती. तिने स्वतःशी हसायचा प्रयत्न केला. सवयीने जमायला हवं होतं. कोपऱ्यात ट्युबा तिवईवर उलटा टेकलेला, खाली वाडगा. खुंटीवर ट्राउगॉटचा साप, तोंड उघडं, जीभ स्तब्ध. मिन्ना त्याच्याकडे बघत पाव चावत होती.

"आई."

"हं."

"परवा ना, कुन्केलकाकांच्या सापाची जीभ हलत होती. मी पाहिली. ते पण वाजवत होते."

रोझीनाच्या हातातली सुरी थांबली.

"हो ना, आई? मग तू मास्तरांना का नाही सांगितलंस?"